१२ फेब्रुवारीची यादी

फोनवर 'आजच्या दिवशी' म्हणून एक यादी येत असते. एखाद्या लढाईशेजारी एखाद्या नटाचा वाढदिवस, त्याच्या खाली अवकाशयानाचं उड्डाण, मग कुणाची तरी पुण्यतिथी. आपण अंगठ्याने ती सरकवतो आणि पुढे जातो. १२ फेब्रुवारीची, फक्त अमेरिकेपुरती यादी काढली तर साधारण अशी येते:

१७३३ – जॉर्जिया वसाहतीची स्थापना
१७९१ – उद्योगपती पीटर कूपर यांचा जन्म
१७९३ – पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याच्या कायद्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही
१८०९ – अब्राहम लिंकन यांचा जन्म
१८६५ – अमेरिकी संसदेच्या सभागृहात पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय माणसाचं भाषण
१८९३ – जनरल ओमर ब्रॅडली यांचा जन्म
१९०९ – एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेची स्थापना
१९१४ – वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाचं भूमिपूजन
१९२४ – जॉर्ज गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'चा न्यूयॉर्कमधला पहिला प्रयोग
१९३४ – बास्केटबॉलपटू बिल रसेलचा जन्म
१९४६ – आयझॅक वुडार्ड या सैनिकाचे डोळे पोलिसांनी फोडले

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अशी यादी बनवणारा कोड पाच मिनिटांचं काम आहे. घटनांच्या टेबलमधून महिना २ आणि दिवस १२ असलेल्या ओळी काढायच्या, वर्षाप्रमाणे लावायच्या, झालं. कोड बरोबर चालतो. पण या अकरा ओळींत दोन प्रकारच्या ओळी एकमेकांत मिसळल्या आहेत, आणि त्यांतला फरक त्या कोडला कधीच कळणार नाही. काही घटना या तारखेवर आपोआप येऊन पडल्या. काही मात्र माणसांनी मुद्दाम इथे आणून ठेवल्या. अमेरिकेच्या इतिहासातला एक मोठा झगडा या फरकात दडलेला आहे, म्हणून ही यादी जरा सावकाश वाचायची.

आपोआप पडलेल्या ओळी

आधी योगायोग बाजूला काढू. १२ फेब्रुवारी १८०९ या एकाच दिवशी केंटकीतल्या एका लाकडी झोपडीत लिंकन जन्मला आणि इंग्लंडमधल्या श्रूजबरीत चार्ल्स डार्विन. तारीखच काय, वर्षही तेच. यावर किती लेख लिहिले गेले असतील! पण गणित अशा गोष्टींना फारसा भाव देत नाही. एका खोलीत २३ माणसं असली तर त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. जगात प्रसिद्ध माणसं २३ पेक्षा बरीच जास्त झाली. जोड्या सापडणारच.

शिवाय तारीख स्वतःच वाटते तेवढी पक्की नसते. जेम्स ओगलथॉर्प आपली माणसं घेऊन सव्हाना नदीकाठी उतरला, तेव्हा त्यांच्या कॅलेंडरमध्ये १ फेब्रुवारी होती. ब्रिटन आणि त्याच्या वसाहती तोवर जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत. १७५२मध्ये त्यांनी ते बदललं, ११ दिवस गाळले, आणि जुन्या घटना नव्या तारखांवर सरकल्या. म्हणून जॉर्जिया राज्य आपला दिवस १२ फेब्रुवारीला साजरा करतं. खुद्द वॉशिंग्टनही जन्मला ११ फेब्रुवारीला. कॅलेंडर बदलल्यावर तो २२ फेब्रुवारीचा झाला. त्यात आणखी गंमत म्हणजे १९७१पासून त्याच्या जयंतीची सरकारी सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. तिसरा सोमवार १५ ते २१ यांच्या मध्येच येतो. म्हणजे वॉशिंग्टनच्या वाढदिवसाची सुट्टी त्याच्या वाढदिवसाला कधीही येऊ शकत नाही. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद दरवर्षी ऐकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आपल्या मनाला मात्र जोड्या लावायची खोड असते. लिंकनवर गोळी झाडली गेली ती १४ एप्रिल १८६५ला. १४ एप्रिल म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात काय येतं, ते सांगायला नको. एकाने गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी जिवाचं रान केलं, दुसऱ्याने अस्पृश्यता संपवणारी राज्यघटना घडवली. एवढं वाचल्यावर अंगावर काटा येतो. पण हाही योगायोगच. बाबासाहेबांचा आणि अमेरिकेतल्या या लढ्याचा खरा धागा वेगळा आहे, आणि तो कागदावर आहे. त्याकडे पुढे येऊ.

सही

यादीतली १७९३ची ओळ एका वाक्यात वाचून होते. तिचा अर्थ असा होता: गुलाम एका राज्यातून पळून दुसऱ्या, अगदी गुलामगिरी नसलेल्या राज्यात गेला, तरी मालक किंवा त्याचा माणूस तिथे जाऊन त्याला पकडू शकतो. न्यायाधीशापुढे तोंडी साक्ष दिली किंवा प्रतिज्ञापत्र दाखवलं की पुरे. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे खटल्याचा हक्क नाही. पळालेल्याला लपवलं किंवा पकडण्यात अडथळा आणला तर ५०० डॉलर दंड. साहजिकच, जे कधी गुलाम नव्हतेच असे कृष्णवर्णीयही कुणाच्या तरी खोट्या शपथेवर उचलले जाण्याची भीती होती.

सही झाली फिलाडेल्फियात. तेव्हा तीच देशाची राजधानी होती. ती पेनसिल्वेनिया राज्यात, आणि तिथल्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर मुक्त होऊ शकत होता. म्हणून वॉशिंग्टन कुटुंब आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणत असे. सिस्टिममधली पळवाट राष्ट्राध्यक्षांच्या घरातच वापरली जात होती!

त्याच घरात ओना जज नावाची तरुणी मार्था वॉशिंग्टनच्या सेवेत होती. १७९६च्या मे महिन्यात, घरातले लोक जेवायला बसलेले असताना ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. वॉशिंग्टनने तिला परत आणायचे प्रयत्न केले, माणसं पाठवली. ती गेली नाही. तिने लग्न केलं, लिहावाचायला शिकली, आणि १८४८मध्ये वारली. मधली बावन्न वर्षं ती कायद्याच्या नजरेत फरार होती, आणि तो कायदा तिच्याच मालकाच्या सहीचा होता.

या सहीला बरोबर सोळा वर्षं झाली त्या दिवशी लिंकन जन्मला. हा योगायोग. पुढे जे झालं ते मात्र योगायोग नव्हे, आणि सरळही नव्हे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८६१च्या पहिल्याच भाषणात लिंकनने सांगितलं होतं की पळालेले गुलाम परत करण्याचं घटनेतलं कलम आपण मानतो. मग यादवी युद्ध झालं, हजारो गुलाम स्वतःच शेतं सोडून उत्तरेच्या सैन्याकडे चालत आले, कृष्णवर्णीय सैनिक लढले, आणि २८ जून १८६४ला पळालेल्या गुलामांविषयीचे दोन्ही कायदे, १७९३चा आणि १८५०चा, रद्द झाले. त्या रद्दीवर सही लिंकनची होती. त्या सहीपर्यंत त्याला आणणाऱ्या माणसांची नावं कुठल्याच 'आजच्या दिवशी'मध्ये येत नाहीत.

एक येतं. १२ फेब्रुवारी १८६५, रविवार. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात रेव्हरंड हेन्री हायलंड गार्नेट यांनी प्रवचन दिलं. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला आणि लहानपणी आईवडिलांबरोबर पळून आलेला हा माणूस. म्हणजे १७९३च्या कायद्याप्रमाणे त्यालाही पकडून नेता आलं असतं. तो आता तो कायदा जिथे झाला त्या संसदेत उभा होता. त्या दिवशी लिंकनला छप्पन्न वर्षं पूर्ण झाली. पुढचा वाढदिवस त्याला मिळाला नाही.

ज्यांना तारीखच नव्हती

वाढदिवसांच्या याद्या वाचताना एक गोष्ट आपण गृहीत धरतो: प्रत्येकाला जन्मतारीख असते.

फ्रेडरिक डग्लसला नव्हती. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला कदाचित सर्वांत प्रभावी वक्ता, लिंकनला तोंडावर सुनावणारा माणूस. १८४५च्या आत्मचरित्रात सुरुवातीलाच त्याने लिहिलं की आपला जन्म कधीचा ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत असलेला गुलाम आपल्याला भेटलेला नाही. गोऱ्या मुलांना आपलं वय सांगता येतं आणि आपल्याला नाही, हे लहानपणीच त्याला बोचत होतं. आईला त्याने उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा पाहिलं, तेही रात्री. ती दुसऱ्या शेतावर राबायची. शेवटी त्याने स्वतःच १४ फेब्रुवारी हा दिवस ठरवला. वर्ष तो १८१७ समजत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी मालकाच्या हिशेबवहीत नोंद सापडली: फेब्रुवारी १८१८. ती नोंद ठेवली होती मालमत्ता म्हणून.

आपल्याकडे १ जून आहे. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत. माझ्या आजोबांची कागदोपत्री तारीख तीच. एका प्रोजेक्टमध्ये महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या माहितीवर काम करताना मी जन्मतारखांचा आलेख काढला होता. वर्षभर साधारण सपाट रेघ, आणि १ जूनला एकदम सुळका. बरोबरच्या दिल्लीच्या सहकाऱ्याला तो डेटामधला बग वाटला. मला ते सगळं गाव ओळखीचं वाटलं. तरी दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. आजोबांच्या आईला त्यांचा दिवस पक्का ठाऊक होता, पोळ्याच्या आदल्या दिवशी. कागदाला तो कळला नाही, एवढंच. डग्लसच्या बाबतीत मूल आणि आई यांच्यामध्येच मालक उभा होता.

आणि म्हणून डग्लसने निवडलेली तारीख फार मोलाची ठरली. १९२६मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. त्याचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, तो स्वतः हार्वर्डचा डॉक्टरेट. त्याने फेब्रुवारीचा दुसरा आठवडा घेतला, कारण लिंकनची १२ आणि डग्लसची १४, हे दोन्ही दिवस लोक आधीपासूनच पाळत होते. पन्नास वर्षांनी त्या आठवड्याचा महिना झाला. आज अमेरिकेत फेब्रुवारीला 'ब्लॅक हिस्टरी मंथ' म्हणतात. सगळ्यांत छोटा महिना दिला, असा विनोद त्यावर नेहमी होतो. पण तो कुणी दिलेला नव्हता. जन्मतारीख नसलेल्या माणसाने स्वतःसाठी घेतलेल्या दिवसाभोवती तो उभा आहे.

मुद्दाम ठेवलेल्या ओळी

आता १९०९. आदल्या वर्षी, ऑगस्ट १९०८मध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला दंगल झाली. स्प्रिंगफील्ड म्हणजे लिंकनचं गाव. त्याचं घर तिथे, त्याची कबरही तिथे. तुरुंगातल्या दोन कृष्णवर्णीय कैद्यांना आमच्या हवाली करा म्हणून गोऱ्यांचा जमाव आला. शेरिफने कैद्यांना गुपचूप दुसरीकडे हलवलं होतं. मग जमाव कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिरला, घरं-दुकानं जाळली, आणि स्कॉट बर्टन हा न्हावी आणि विल्यम डॉनेगन हा जोडे शिवणारा म्हातारा कारागीर, या दोघांना मारून टाकलं.

विल्यम इंग्लिश वॉलिंग या पत्रकाराने त्यावर लेख लिहिला. तो वाचून मेरी व्हाइट ओव्हिंग्टन ही कार्यकर्ती त्याला भेटली. न्यूयॉर्कमधल्या एका फ्लॅटमध्ये बैठक झाली आणि देशव्यापी परिषदेचं आवाहन काढायचं ठरलं. कधी? लिंकनची जन्मशताब्दी जवळ आली होती. त्या दिवशी देशभर बँड वाजणार, भाषणं होणार, सगळे स्वतःची पाठ थोपटून घेणार. नेमका तोच दिवस त्यांनी निवडला. आवाहनातली कल्पना साधी होती: लिंकन आज परत आला तर त्याला काय दिसेल? मतदानाचा हक्क काढून घेतलेले नागरिक, वेगळे डबे, जमावाच्या हत्या. खाली सुमारे साठ सह्या होत्या. त्यात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आणि जमावाच्या हत्यांच्या नोंदी जिवावर उदार होऊन गोळा करणारी इडा बी. वेल्स हेही होते.

त्याच संध्याकाळी स्प्रिंगफील्डमध्ये शताब्दीची मोठी मेजवानी झाली. तिथे कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. त्यांनी आपला कार्यक्रम आपल्या चर्चमध्ये केला.

खरं पाहिलं तर एनएएसीपीची पहिली परिषद भरली मेअखेर, आणि तिचं नाव ठरलं १९१०मध्ये. म्हणजे १२ फेब्रुवारीला ना सभा झाली, ना नोंदणी. तरी संघटना आपला स्थापना दिवस हाच मानते. इंजिनिअरच्या भाषेत हा टाइमस्टॅम्प चुकीचा आहे. पण तारखेने त्यांना काय म्हणायचं होतं, ते शंभर टक्के बरोबर पोहोचतं.

निवडलेली तारीख दोन्ही बाजूंनी वापरता येते, हेही लक्षात ठेवायला हवं. लिंकन स्मारकाचं भूमिपूजन १२ फेब्रुवारी १९१४ला झालं, कोनशिला पुढच्या वर्षी त्याच तारखेला. १९२२मध्ये उद्घाटनाला रॉबर्ट मोटन हे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ वक्ते म्हणून बोलावले होते. समोर बसलेल्या कृष्णवर्णीय पाहुण्यांच्या खुर्च्या मात्र वेगळ्या भागात होत्या. लिंकनच्या पुतळ्यासमोर.

१९४६

आयझॅक वुडार्ड, वय २६. पॅसिफिकच्या आघाडीवर नोकरी करून परतलेला सार्जंट. १२ फेब्रुवारी १९४६ला जॉर्जियातल्या छावणीतून त्याला सैन्यातून सन्मानाने मोकळं केलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी गणवेशातच तो बसने बायकोकडे निघाला. वाटेत लघवीला जाण्यासाठी बस थांबवायला सांगितलं, त्यावरून ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. साउथ कॅरोलिनातल्या बेट्सबर्गला ड्रायव्हरने पोलीस बोलावले. पोलीसप्रमुख लिनवुड शल याने त्याला दंडुक्याने मारलं. सकाळी कोठडीत वुडार्ड जागा झाला तेव्हा त्याला दिसत नव्हतं. ते पुन्हा कधीच दिसलं नाही.

ही तारीख कुणी निवडली नव्हती. छावणीतल्या कागदांवर त्या दिवशीचा शिक्का पडला, एवढंच. पण वुडार्डच्या मागे उभी राहिली ती १२ फेब्रुवारीचीच एनएएसीपी. ऑर्सन वेल्सने रेडिओवरून आठवड्यामागून आठवडे हे प्रकरण लावून धरलं. सप्टेंबरमध्ये संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सगळी हकीकत सांगितली, आणि ट्रुमन हादरले. नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहिला. सगळी ज्युरी गोरी. सुमारे अर्ध्या तासात शल निर्दोष सुटला. न्यायाधीश वेटीज वॉरिंग यांना ते इतकं लागलं की पुढे १९५१मध्ये त्यांनी शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध जो एकट्याचा निकाल लिहिला, तो १९५४च्या ब्राउन खटल्याची वाट मोकळी करणाऱ्यांपैकी होता. ट्रुमननी २६ जुलै १९४८ला सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला.

दुसऱ्याच दिवशी एका ज्येष्ठ सेनाधिकाऱ्याचं म्हणणं समोर आलं: समाजसुधारणेचे प्रयोग करायला सैन्य ही जागा नाही. ते होते लष्करप्रमुख ओमर ब्रॅडली. जन्म, १२ फेब्रुवारी. लिंकनच्या वाढदिवशी जन्मलं म्हणून कुणी लिंकन होत नाही.

आणि तो कागद. १९४६च्याच जुलैमध्ये, वुडार्डचं प्रकरण अमेरिकेत पेटत असताना, डॉ. आंबेडकरांनी न्यूयॉर्कला डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. अस्पृश्यांसाठीही तसं काही करता येईल का, या विचाराने त्यांनी त्याच्या प्रती मागवल्या. डू बॉइस यांनी महिनाअखेर उत्तर दिलं, मदत देऊ केली. १९०९च्या आवाहनाखाली सही करणारा हाच माणूस. त्याही आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. फुले किंवा आंबेडकर यांना त्यासाठी कुठलीही समान तारीख लागली नाही. त्यांनी वाचलं, ओळखलं आणि लिहिलं.

बेट्सबर्गमध्ये, आता त्या गावाचं नाव बेट्सबर्ग-लीसव्हिल आहे, २०१८मध्ये वुडार्डवरचा जुना गुन्हा रद्द झाला. तेव्हा त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. २०१९च्या फेब्रुवारीत गावात त्याच्या नावाचा फलक लागला. त्याचा खालचा भाग ब्रेलमध्ये आहे. ज्याच्यासाठी तो लावला, त्या माणसाला तो वाचता आला असता.